शाळेचा मेडिकल फॉर्म, पुरात गेलेलं लसीचं कार्ड आणि पाच वर्षांचा राहिलेला डोस

फुलेवाडीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगते. धाकटा साडेपाच वर्षांचा, जूनमध्ये पहिलीला बसणार, शाळेनं फॉर्म दिलाय त्यात लसीकरण कार्डाची झेरॉक्स, ब्लड ग्रुप, डोळे-कान-दात तपासणी आणि खाली डॉक्टरचा सही-शिक्का मागितलाय. त्याच्या कार्डावर दीड वर्षाच्या रकान्यात एमआरचा (गोवर-रुबेलाची लस) दुसरा डोस कोरा आहे आणि पाच वर्षांचं तर काहीच नाही. मोठी दहा पूर्ण, पाचवीला नवीन शाळा, तिचं कार्ड २०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या माहेरी पाण्यात गेलं. तर आता ॲडमिशन अडवतील का, सगळ्या लशी परत पहिल्यापासून द्यायच्या का, आणि भाऊ शिकागोला चाललाय, त्याच्या सात वर्षांच्या मुलीच्या शाळेनं मोठा फॉर्म पाठवलाय तो इथंच भरून मिळेल का. मी बालरोगतज्ज्ञ आहे, इथं कोल्हापुरातच प्रॅक्टिस, आणि मे महिना उजाडला की हेच प्रश्न रोज येतात म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पहिलं म्हणजे ॲडमिशनची धास्ती सोडा ताई. लस नाही तर शाळा नाही असा देशभर लागू असलेला कायदा आपल्याकडं नाही. उलट शिक्षण हक्काचा कायदा, २००९ चा, तो म्हणतो की वयाचा दाखला नाही म्हणूनसुद्धा पोराला प्रवेश नाकारायचा नाही, मग लशीच्या कार्डाचं काय घेऊन बसलात. शाळेनं कार्ड मागणं चुकीचं नाही, मागावंच, पण ते नाही म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. मला कधी कधी वाटतं की ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोरगं शाळेत न घालणाऱ्या आईबापाला दंड ठेवला त्या गावात लशीच्या बाबतीत थोडी सक्ती चालली असती, पण ते जाऊदे, तो माझा विषय नाही.

सक्ती नाही म्हणून निवांत मात्र राहू नका. एका वर्गात चाळीस-पन्नास पोरं, डबे एकमेकांचे खाणार, पाण्याची बाटली एकच फिरणार, आणि गोवर तर हवेतून पसरतो, पेशंट खोलीतून निघून गेला तरी पुढं दोन तास हवेत विषाणू राहतो. २०२२ च्या शेवटाला मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मग भिवंडी, मालेगाव, लहान पोरं दगावली, आणि त्यात बरीचशी एमआरचे डोस राहिलेलीच होती. तेव्हा शाळेचा फॉर्म हे निमित्त समजा, काम ते राहिलेले डोस भरून काढायचं आहे.

आता धाकट्याचं बघू. पाच वर्षांचा डोस म्हणजे डीपीटीचा, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीचा, दुसरा बूस्टर, पाच ते सहा वर्षांच्या मधे द्यायचा. हा डोस सगळ्यात जास्त विसरला जातो कारण नऊ महिने, दीड वर्ष इथपर्यंत आशाताई घरी येऊन हाका मारतात, मग पोरगं अंगणवाडीत जातं, आई कामाला लागते आणि कार्ड कपाटात लॉकरच्या पिशवीत जाऊन बसतं. डीपीटी ज्यात असते त्या पेंटाचे तीन डोस झालेत, दीड वर्षाचा बूस्टर झालाय, आता कशाला अजून असं सासूबाई म्हणतात. तर कशाला ते सांगते. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींची ताकद वर्षं जातील तशी अंगातून उतरत जाते, गोवरासारखी जन्माची राहत नाही, आणि म्हणूनच घटसर्प आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळेत जाणाऱ्या पोरांत जास्त दिसतो. ज्यांनी घटसर्पाचं पोर बघितलंय, घशात तो राखाडी पापुद्रा, मान सुजून बैलासारखी, त्यांना परत समजावून सांगावं लागत नाही. सरकारी कार्यक्रमात डीपीटी सात वर्षांपर्यंत देतात, त्यानंतर ती लस बदलते, म्हणून तुमच्याकडं अजून वेळ आहे पण पुढच्या दिवाळीत बघू असं करू नका.

एमआरचा दुसरा डोस जो कोरा आहे त्याला थोडी अडचण आहे. सरकारी दवाखान्यात एमआर नेहमीच्या लसीकरणात पाच वर्षं पूर्ण होईपर्यंतच मिळते, तुमचा साडेपाच. एखादी मोहीम चालू असेल तर मोठ्या पोरांनाही देतात, विचारून बघा, नाहीतर खाजगीत एमएमआर घ्या, त्यात गालगुंड पण कव्हर होतं, आणि तसंही आमची बालरोगतज्ज्ञांची संघटना चार ते सहा वर्षांत एक एमएमआर सांगतेच, म्हणजे पैसे वाया नाहीत. डीपीटी आणि एमएमआर एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांत दिलं तरी चालतं, पोराला दोनदा रडवण्यापेक्षा बरं. आणि मधे गॅप पडली म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, जिथं थांबलं तिथून पुढं. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलते देव जाणे.

डीपीटी फुकट कुठं मिळेल, तर महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत, सावित्रीबाई फुले, पंचगंगा हॉस्पिटल आहे, सरकारी मोठा दवाखाना सीपीआर आहे, गावाकडं असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र. फक्त वार विचारून जा, रोज सगळ्या लशी देत नाहीत. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सिस्टरशी भांडण होतं, एमआरची बाटली एकदा पावडरमध्ये पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवायची असते नाहीतर फेकून द्यायची, म्हणून दुपारी अडीचला एकच पोर घेऊन गेलात तर सिस्टर म्हणते ताई पुढच्या सेशनला या. ती टाळत नसते. डीपीटीची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर पुढच्या सेशनला पण चालते म्हणून ती तेवढी अडत नाही. सकाळी लवकर जा, मिटलं.

पेनलेस डीपीटीचं विचाराल मग, सगळेच विचारतात. पेनलेस म्हणजे टोचायला दुखत नाही असं नसतं, सुई तीच, फक्त नंतरचा ताप आणि सूज कमी. साधी सरकारी डीपीटी काही कमअस्सल लस नाही, पहिल्या तीन डोसांना तर आम्ही तीच बरी म्हणतो. बूस्टरला ज्याची ऐपत आणि हौस आहे त्यानं पेनलेस घ्यावी. रात्री ताप येईल, दंड दुखेल, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे डॉक्टरला विचारून द्या, दंडाला हळद-चुना लावू नका, चोळू नका, गार पाण्याची पट्टी पुरे. आणि साधी सर्दी-शिंक आहे म्हणून डोस पुढं ढकलू नका, कोल्हापूरच्या पावसाळ्यात सर्दी नसलेलं पोर शोधत बसलात तर डोस मार्चपर्यंत जाईल.

आता मोठीचं. पुरात कार्ड गेलेली मंडळी माझ्याकडं बरीच येतात, २०१९ ची आणि २०२१ ची पण, शिरोळ-करवीर सगळीकडची. कार्ड गेलं म्हणजे नोंद गेलीच असं नाही. माहेरच्या उपकेंद्रात जा, तिथल्या सिस्टरकडं रजिस्टर असतं, तुमचं नाव, गरोदरपणीची नोंद आणि बाळाचं वर्ष सांगा, त्यावरून सापडतं, आणि कार्डाचा एक अर्धा भाग तिथं ठेवलेला असतो तो मिळाला तर फारच छान. केंद्रच पाण्यात गेलं असेल तर ऑनलाईन नोंद आहे का विचारा. डिलिव्हरी खाजगीत झाली असेल तर जन्माच्या वेळचे डोस त्यांच्या फाइलला असतात. शिवाय तुम्ही लिहिलंय की अंगणवाडीत एकदा सगळ्यांना इंजेक्शन दिलं आणि नखाला शाई लावली, ती २०१८ ची एमआरची मोहीम, महाराष्ट्रात २७ नोव्हेंबरला सुरू झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या पोरांना दिली, आधी डोस झालेले असले तरी. त्याचं वेगळं छोटं कार्ड दिलेलं, बऱ्याच आयांनी ते आधारकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेलं असतं, एकदा शोधा. डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा, व्रण आहे का तेही बघा, असेल तर ती लस झालेली आहे, नसेल तरी झाली नाही असं नाही, काहींना व्रण उठत नाही.

आणि हे सगळं करून काहीच नाही सापडलं तर? तर आम्ही कागद नाही म्हणजे लस नाही असं धरून चालतो. ऐकायला भयंकर वाटतं पण तसं काही नाही, गोवर-रुबेला-गालगुंड आणि हिपॅटायटिस बी या लशी आधी झालेल्या असताना परत दिल्या तर अंगाला काही होत नाही, झालंच तर थोडं पैशाचं नुकसान. दहा वर्षांच्या मुलीला रोटा, पेंटा, न्यूमोकोकल, बीसीजी यातलं काहीही द्यायची गरज नाही, त्यांचं वय गेलं. एमएमआरचे दोन डोस महिन्याच्या अंतरानं, हिपॅटायटिस बीचे तीन, आणि धनुर्वात-घटसर्पाचं जे आहे त्यात आधी एक टीडॅप (टीडीसारखीच, त्यात डांग्या खोकला पण) मग टीडीचे दोन, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. रजिस्टरमध्ये लहानपणीचे डोस सापडले तर हे सगळं नको, फक्त दहा वर्षांचा टीडी द्यायचा, एक सुई आणि सुट्टी. म्हणून म्हणते एक दिवस माहेरी जाऊन या, भाकरी पण मिळेल आणि सात सुया वाचतील.

टीडी म्हणजे पूर्वीच्या टीटीच्या जागी आलेली लस, धनुर्वाताबरोबर घटसर्पाचा छोटा डोस, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. शाळेतच शिबीर घेऊन पाचवी-दहावीला देतात बऱ्याचदा, तेव्हा संमतीपत्र दप्तरातून बाहेर येतच नाही आणि पोरगी राहून जाते. पाचवी-सहावीच्या मुलींना टोचताना एक होतं, लाईनीत उभी असते, पुढच्या मैत्रिणीला टोचताना बघते, ओठ पांढरे पडतात, कपाळावर घामाचे थेंब येतात आणि धाडकन पडते, मग मागच्या दोघी तिघी पण. पेपरात बातमी येते लशीने विद्यार्थिनी बेशुद्ध. लशीचा दोष नसतो, भीतीनं आणि उपाशी पोटानं बीपी खाली येतं. मी खुर्चीत बसवून नाहीतर झोपवूनच टोचते, पाय वर करून ठेवायचे, दोन मिनिटांत डोळे उघडून मॅडम झालं का म्हणून विचारते. नाष्टा करून पाठवा आणि टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवा एवढंच.

तिच्या वयाला अजून एक विषय काढते, एचपीव्ही, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात, सहा महिन्यांच्या अंतरानं, पंधरा झाली की तीन लागतात, म्हणजे लवकर घेतली की स्वस्त पण आणि चांगली पण. पुण्याच्या सीरमची आली २०२३ मध्ये, त्यामुळं पूर्वीइतकी महाग राहिली नाही. शाळेच्या फॉर्मवर हिचा रकाना नसतो म्हणून कुणी विचारत नाही, मी विचारते. आणि कांजिण्या, टायफॉईड, हिपॅटायटिस ए या खाजगीतल्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर बजेट थोडं असेल तर टायफॉईड आधी घ्या, आपल्याकडं गाड्यावरचं आणि पावसाळ्यातलं पाणी बघता.

आता जो विषय मला खरा लिहायचा होता, तपासणी. फॉर्म घेऊन वडील एकटेच येतात, मुलगा गाडीत बसलाय मॅडम, तेवढा शिक्का द्या, शाळा बंद व्हायच्या आत द्यायचाय. मी देत नाही. राग येतो लोकांना, समोरच्या गल्लीत मिळतो म्हणतात, मिळू दे. पोरगं समोर उभं केल्याशिवाय फिट लिहायचं म्हणजे कागदाला तपासल्यासारखं आहे. आणि तपासायला दहा-पंधरा मिनिटं लागतात फक्त.

डोळे सगळ्यात आधी. सहा मीटरवर तक्ता लावायचा आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. इथं गंमत बघा, पोराला हातानं डोळा झाक म्हटलं की बोटांच्या फटीतून बघतं आणि सगळा तक्ता खाडखाड वाचतं, आई खूश. पुठ्ठा धरला की दुसऱ्या ओळीवर अडकतं. एका डोळ्यानं चांगलं दिसत असलं की पोर तक्रार करत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, टीव्ही बघतं, क्रिकेट खेळतं, आणि तो दुसरा डोळा मेंदू हळूहळू वापरायचा बंद करतो. याला आळशी डोळा म्हणतात आणि तो चष्मा-पट्टी करून सुधारायचा तर सात-आठ वर्षांच्या आत, उशीर झाला की नंतर नंबरचा चष्मा घालूनही नीट दिसत नाही. म्हणून पहिलीच्या आधीची डोळ्याची तपासणी मला लशीइतकीच महत्त्वाची वाटते. घरी पण करता येते, कॅलेंडरची तारीख लांबून वाचायला लावा, एकदा उजवा झाकून एकदा डावा, पुठ्ठ्यानं हां.

दात. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं एक नवीन दाढ येते, वर दोन खाली दोन, कुठलाही दात न पडता येते म्हणून आईला पत्ताच नसतो, ती दुधाचीच समजते आणि किडली तर पडेलच म्हणते. ती पडणार नसते ताई, ती जन्माची दाढ. साडेपाचच्या पोराच्या तोंडात टॉर्च मारून मी तीच बघते, तिच्या खाचा खोल असतात, त्यात बिस्किट-चॉकलेट बसतं. दंतवैद्य त्या खाचा भरून देतात, अजिबात दुखत नाही, तो खर्च करा आणि पुढचा रूट कॅनल वाचवा.

कान म्हणजे हाक मारली की 'काय? काय?' करतो, टीव्हीचा आवाज मोठा, शाळेत बाई म्हणतात लक्ष नसतं. निम्म्या वेळेला मळ नाहीतर पडद्यामागं पाणी. लक्ष नाही म्हणून मार खाल्लेली पोरं असतात ही, वाईट वाटतं.

छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाचा आवाज, बीपी (तीन वर्षांपासून वर्षातून एकदा बघायचं असतं, लहान पट्टा लागतो), पाठीचा कणा वाकवून, पोट, आणि मुलगा असेल तर चड्डी काढून दोन्ही वृषणं खाली उतरलीत का, हे आई किंवा बाबा शेजारी उभे असतानाच. लाजतात, पण खाली न उतरलेलं वृषण साडेपाचला सापडणं हेसुद्धा उशिराच, वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हायला हवं असतं. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची, आपल्या राज्यातून तो गेलेला नाही. गालावरचे पांढुरके डाग मात्र जवळजवळ नेहमी कोरड्या कातडीचे असतात, त्याला जंत किंवा कॅल्शियम कमी समजून टॉनिक पाजू नका. जंताचं औषध तसंही १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत-अंगणवाडीत फुकट देतात, अल्बेंडाझोल, चावून खायचं, ते घ्या.

मग हिमोग्लोबिन. पाच ते अकरा वयात साडेअकराच्या खाली म्हणजे कमी. आणि इथं कोल्हापूरकरांशी माझं कायम वाजतं. मॅडम घरात मटण असतं, दूध घरचं, एचबी नऊ कसं? मटण रविवारी, तेही पोर रस्सा भाकरी खातं, फोडी बाबा. आणि दूध हाच घोळ आहे. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून ग्लास भरून प्यायची आपली परंपरा, कौतुक मलापण आहे, पण पोराला दिवसाला लिटरभर दूध पाजलं की पोट भरतं, जेवण होत नाही, दुधात लोह नसल्यातच जमा आणि जेवणातलं लोह पण ते नीट शोषू देत नाही. गुबगुबीत, गोरं गोरं म्हणून कौतुक चाललेलं असतं आणि ते गोरं नसतं, पांढरं पडलेलं असतं. दोन कप दूध पुरे, तापवलेलं, कच्च्या दुधातून जंतू जातात. जेवणाबरोबर चहा बंद, लिंबू सुरू. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळते, दहाच्या वर निळी, ती लोहाची असते, शी काळी होते म्हणून घाबरून फेकू नका.

सरकारी आणि अनुदानित शाळेत हे सगळं फुकट होतं हे पण सांगते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्या पालघरलाच सुरू झाला. गाडी येते, दोन डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर, शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा, अठरा वर्षांपर्यंत. हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ, कान, डोळे, काही सापडलं तर पुढं पाठवतात आणि ऑपरेशनसुद्धा योजनेतून होतं. लोक त्या टीमला हलक्यात घेतात, तपासणीच्या दिवशी पोराला घरी ठेवतात, असं करू नका. ऊसतोडीला येणाऱ्यांची पोरं तर याच्यातूनच सापडतात, ऑक्टोबरच्या पुढं टोळ्या येतात, गावाकडचं कार्ड गावाकडंच, इथं कुणी विचारत नाही. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल तर आशाला एक फोन करा, लस कुठल्याही गावचं पोर कुठंही घेऊ शकतं, रेशनकार्ड बघत नाहीत.

फॉर्मवर एक ओळ असते, काही जुना आजार आहे का. तिथं सगळे नाही लिहितात. दमा आहे, फिट येऊन गेली, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हृदयाचं ऑपरेशन झालंय, टाइप वन डायबेटिस आहे, तरी नाही, कारण शाळा घेणार नाही ही भीती. घ्यावंच लागतं, आणि लपवलं तर पीटीच्या तासाला दम लागल्यावर बाईंना पंप कुठं आहे हेच माहीत नसणार. लिहा, आणि खाली औषधाचं नाव व कुणाला फोन करायचा ते पण लिहा. मुलगा फुटबॉलला किंवा तालमीत जाणार असेल तर डॉक्टरला दोन गोष्टी आपणहून सांगा, पळताना कधी चक्कर येऊन पडलाय का आणि घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलंय का. तालमीतल्या पोरांच्या अंगावरचा गजकर्ण पण त्याच वेळी दाखवा, मातीतून आणि एकमेकांच्या अंगातून पसरतो. ब्लड ग्रुप बोटाच्या टोकातून होतो, जन्माच्या वेळचा असेल तरी एकदा परत करा.

शेवटी भावाचं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आणि तिथं खरंच सक्ती आहे. शिकागो इलिनॉय राज्यात येतं, परदेशातून पहिल्यांदा तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला कुठल्याही इयत्तेला तपासणीचा फॉर्म लागतो, १५ ऑक्टोबरपर्यंत कागद पूर्ण नसले तर शाळेतून घरी बसवतात. फॉर्मवर सही तिथल्या परवानाधारक डॉक्टरचीच करून घ्यावी, इथं माझ्याकडून शिक्का मारून नेण्यात अर्थ नाही. डोळ्याचा आणि दाताचा फॉर्म तिकडं वेगळा असतो, ते पण तिथंच होईल. इथून न्यायचं ते लसीचं रेकॉर्ड, आणि त्यात चार खाचखळगे आहेत. नऊ महिन्यांचा एमआर तिथं धरत नाहीत कारण वर्षाच्या आतला आणि त्यात गालगुंड नाही, म्हणून वर्षानंतरचे एमएमआरचे दोन हवेत. कांजिण्यांचे पण दोन, सरकारी कार्डात ती लस नाहीच. एमएमआर आणि कांजिण्या एकतर एकाच दिवशी नाहीतर मधे २८ दिवस, त्यामुळं विमानाच्या आदल्या आठवड्यात धावत येऊ नका. एप्रिल २०१६ नंतरचे पोलिओचे थेंब ते मोजत नाहीत, पोलिओची इंजेक्शनं मोजतात, तेव्हा एखादं परत देतील. हिपॅटायटिस बीचा शेवटचा डोस त्यांना चोवीस आठवड्यांनंतरचा लागतो आणि आपला पेंटाचा तिसरा चौदा आठवड्यांना होतो, तो प्रश्न सहावीला निघतो, इथंच एक देऊन ठेवला तर बरं. पाच वर्षांची डीपीटी झाली असेल तर ती चालते, कारण चौथ्या वाढदिवसानंतरचा एक डोस हवा असतो. टीबीची कातडीवरची तपासणी करायला सांगितलं तर बीसीजी घेतलीय हे आधीच सांगा, त्यामुळं ती पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची तपासणी मागा.

आणि रेकॉर्ड लिहून घेताना लशीचं नाव इंग्रजीत, कंपनीच्या ब्रँडच्या ऐवजी मूळ नावानं, आणि तारखेत महिना अक्षरात लिहून घ्या. आपलं ०५/०६ म्हणजे ५ जून, तिकडं ते ६ मे वाचतात, आणि एवढ्यावरून सुद्धा एखादा डोस वाढदिवसाच्या आधीचा ठरून बाद होतो. कार्ड चेक-इनच्या बॅगेत घालू नका म्हणावं, हातातल्या पर्समध्ये ठेवायचं.